गोदावरीच्या पुराचा प्रोग्रॅम ४८ कोअरवर सव्वाचारपटच का पळतो?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या गटाने गोदावरीच्या पुराचं द्विमितीय प्रारूप सी प्लस प्लसमध्ये लिहिलं आहे. गंगापूर धरणापासून सायखेडा-चांदोरीच्या पुढेपर्यंतचा ४० किलोमीटर लांब, १० किलोमीटर रुंद पट्टा घेतला आहे आणि १० मीटरची जाळी टाकली आहे, म्हणजे ४००० गुणिले १०००, एकूण ४० लाख पेशी. धरणातून ठरावीक विसर्ग सोडला तर २४ तासांत रामकुंडावर, शहरात आणि खाली निफाड तालुक्यात पाणी कुठवर चढेल हे काढायचं आहे. एका कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका गणनाकेंद्रावर) १० तास ४० मिनिटं लागतात. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रावरचा एक नोड, म्हणजे प्रत्येकी २४ कोअरचे दोन प्रोसेसर, घेऊन ओपनएमपी (एकाच नोडमधल्या कोअरांना काम वाटण्याची सोय) लावलं तर अडीच तास. चार नोडवर एमपीआय (वेगवेगळ्या प्रक्रियांनी एकमेकींना संदेश पाठवण्याची पद्धत) १९२ रँकचं, म्हणजे १९२ प्रक्रियांचं, चालवलं तर २ तास २५ मिनिटं. चौपट यंत्र वापरून फक्त पाच मिनिटं वाचली. म्हणून विचारलं आहे की एमपीआय सोडून चॅपेल किंवा ज्युलियासारखी सोपी भाषा घ्यावी, की सरळ जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) जावं.

भाषा अजून बदलू नका. तुमचा वेळ जिथे जातो तिथे भाषा पोहोचतच नाही. डेटा कुठे पडला आहे आणि तो कोण, किती वेळा हलवतो, हे एकदा नीट लावलं की ओपनएमपीच्या चार ओळीही पुरतात. ते लावलं नाही तर चॅपेलमध्येही हाच अडीच तासांचा आकडा दिसेल.

सुरुवात हिशेबापासून करू. तुमचा कालखंड, म्हणजे गणित एका पावलात पुढे नेतं तो वेळ, सरासरी ०.३६ सेकंदांचा आहे, म्हणजे २४ तासांसाठी २ लाख ४० हजार पावलं. कोडमध्ये दर मिनिटाला पूर्ण नकाशा मजकूर फाइलमध्ये लिहिला जातो आणि तुम्हीच दिलेल्या वेळेनुसार एका लिखाणाला ३.६ सेकंद लागतात. १४४० गुणिले ३.६ म्हणजे ८६ मिनिटं. हे काम एकच कोअर करतो आणि बाकीचे ४७ त्या वेळी थांबून असतात. एकूण ६४० मिनिटांतली ८६ मिनिटं अशी एकेरी असतील, तर संगणकतज्ज्ञ ॲमडालने १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे कितीही कोअर लावले तरी वेग ६४० भागिले ८६, म्हणजे जेमतेम साडेसातपटीच्या वर जाणार नाही. तुमच्या अडीच तासांतली ८६ मिनिटं लिखाणाची आणि फक्त ६४ मिनिटं खऱ्या गणिताची आहेत. सगळ्यात मोठा चोर प्रवाहाच्या समीकरणांत नाही, फाइल लिहिणाऱ्या त्या दोन ओळींत आहे.

त्याचा इलाज अर्ध्या दिवसाचा आहे. प्रत्येक मिनिटाला ४० लाख पेशींचा नकाशा कोणी बघत नाही. दर मिनिटाला फक्त ठरावीक ठिकाणची पाणीपातळी लिहा: रामकुंड, अहिल्यादेवी होळकर पूल, सायखेड्याचा पूल, आणि नासर्डी व वाघाडी जिथे गोदावरीला मिळतात त्या जागा. पूर्ण नकाशा दर १५ मिनिटांनी पुरे, आणि शेवटी प्रत्येक पेशीतली कमाल खोली एकदा. नकाशा बायनरीत आणि एकेरी अचूकतेत (आकड्याला चार बाइट) लिहा. तीन राशींचे ४८ मेगाबाइट होतात, अशा ९६ फाइली म्हणजे साडेचार जीबीच्या आसपास. मजकुरात वेळ डिस्कमुळे कमी आणि आकड्याचं अक्षरांत रूपांतर करण्यामुळे जास्त जातो, त्यामुळे महागडी फाइल सिस्टीम मिळाली तरी तो घटत नाही. ८६ मिनिटं काही सेकंदांवर येतील.

आता उरलेली ६४ मिनिटं. ५५४ मिनिटांचं गणित ४८ कोअरवर आदर्शपणे साडेअकरा मिनिटांत व्हायला हवं. तुमचं प्रत्येक पाऊल १६ मिलिसेकंद घेतं, हवं होतं ते २.९. हा फरक मेमरीत आहे, आणि तो कागदावर काढता येतो.

प्रत्येक पेशीसाठी किमान पाच राशी वाचायच्या: खोली, दोन दिशांचे संवेग, तळाची उंची आणि मॅनिंगचा गुणांक (तळाचा खडबडीतपणा). तीन लिहायच्या. दुहेरी अचूकतेत (आकड्याला आठ बाइट) वाचन ४० बाइट. लिखाण २४, पण लिहिण्याआधी प्रोसेसर ती कॅश-ओळ (कॅश म्हणजे प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी; तिच्यात डेटा अशा ओळींनी येतो) वाचून घेतो म्हणून ४८. एकूण ८८ बाइट. गुणिले ४० लाख म्हणजे एका पावलाला ३५२ मेगाबाइट. तुमच्या नोडवर प्रत्येक प्रोसेसरला डीडीआर४-२९३३ मेमरीच्या सहा वाहिन्या आहेत, म्हणजे कागदावर १४१ जीबी प्रति सेकंद, दोन्ही मिळून २८२. प्रत्यक्षात २०० धरा. ३५२ मेगाबाइटना १.८ मिलिसेकंद, पूर्ण धावेला सात मिनिटं. या प्रारूपाचा या नोडवरचा हा तळ आहे. गणित कितीही चपळ केलं तरी याच्या खाली जायचं तर डेटाच कमी करावा लागेल. हा आकडा आधी काढून भिंतीवर लावा. नाहीतर आपण किती मागे आहोत हे कळतच नाही, आणि माणूस आठवडाभर दोन टक्क्यांसाठी झटत बसतो.

तुमच्या कोडमध्ये हा तळ गाठला जात नाही याची चार कारणं दिसतात.

पहिलं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही ॲरे व्हेक्टर म्हणून जाहीर केले आहेत. व्हेक्टर तयार होतानाच सगळे घटक शून्य करतो, आणि हे काम मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममधला काम करणारा एक धागा) एकटा करतो. लिनक्समध्ये मेमरीचं पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) त्याला पहिल्यांदा हात लावणाऱ्या कोअरच्या प्रोसेसरजवळ ठेवलं जातं. म्हणजे तुमचा सगळा डेटा पहिल्या प्रोसेसरच्या सहा वाहिन्यांवर जाऊन बसला आहे, दुसऱ्याच्या सहा रिकाम्या आहेत, आणि तिथले २४ कोअर प्रत्येक बाइटसाठी पलीकडे हात पसरतात. एकाच नळावर अख्खी चाळ पाण्याला उभी, आणि शेजारचा नळ कोरडा. दुरुस्ती अशी: मेमरी शून्य न करता मागा (न्यू डबल पुढे कंसात संख्या, आणि त्यानंतर रिकामे गोल कंस लावू नका, ते लावले की पुन्हा शून्य होतं). मग पुढे गणिताच्या लूपला जी स्टॅटिक (आधीच ठरलेली) वाटणी असणार आहे त्याच वाटणीच्या समांतर लूपमध्ये ती भरा. तळाच्या उंचीची फाइल एकच थ्रेड वाचतो, तेव्हा ती तात्पुरत्या जागेत वाचून समांतर लूपने मुख्य ॲरेत उतरवा. नंतर न्यूमास्टॅट (कुठल्या प्रोसेसरजवळ किती मेमरी पडली हे दाखवणारं साधन) चालवून दोन्ही बाजूंना जवळपास सारखी मेमरी पडली आहे का ते बघा. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच्या जोडीला थ्रेड बांधून ठेवणं आलंच. ओपनएमपीच्या दोन सेटिंगांपैकी ओएमपी प्लेसेसला कोअर्स आणि ओएमपी प्रॉक बाइंडला क्लोज अशी किंमत द्या. नाहीतर ऑपरेटिंग सिस्टीम थ्रेडला एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवते आणि नीट मांडलेला डेटा पुन्हा परका होतो.

दुसरं कारण: सर्वाधिक लहर-वेग काढण्यासाठी तुम्ही थ्रेडच्या क्रमांकाने एका छोट्या ॲरेत लिहिता. कॅश-ओळ ६४ बाइटची, म्हणजे शेजारचे आठ थ्रेड एकाच ओळीत लिहितात, आणि ती ओळ प्रत्येक पेशीगणिक कोअरांमध्ये ओढली जाते. उत्तर बरोबर येतं म्हणून ही चूक सापडत नाही, फक्त वेग जातो. त्या जागी ओपनएमपीचं मॅक्स रिडक्शन (प्रत्येक थ्रेडचं कमाल वेगळं काढून शेवटी एकत्र करणं) लावा, एका ओळीचं काम आहे.

तिसरं: दोन दिशांचे फ्लक्स (शेजारच्या पेशींमध्ये वाहणारं पाणी आणि संवेग) तुम्ही सहा पूर्ण आकाराच्या ॲरेत साठवता आणि वेगळ्या लूपमध्ये वापरता. ते सहाही मेमरीपर्यंत जाऊन परत येतात, आणि पेशीमागे ८८ ऐवजी सुमारे २७० बाइटची ने-आण होते. त्याऐवजी ओळीने चाला. ही ओळ आणि मागची ओळ यांच्यामधला फ्लक्स हाताशी ठेवा, पुढच्या ओळीशी असलेला काढा, ओळ अद्ययावत करा, मग बफरांची अदलाबदल. एका ओळीचे तीन फ्लक्स २४ किलोबाइटचे होतात, दोन बफर मिळून ४८. एक मेगाबाइटच्या दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये ते आरामात मावतात. प्रत्येक थ्रेडला आपल्या पट्टीच्या पहिल्या ओळीचा वरचा फ्लक्स नव्याने काढावा लागतो, तेवढं दुबार काम खुशाल होऊ द्या.

चौथं: व्हेक्टरच्या आत व्हेक्टर. प्रत्येक ओळ मेमरीत वेगळीकडे पडते. एकच सलग ॲरे घ्या, १००० ची दिशा आतल्या लूपमध्ये ठेवा. जुनी-नवी स्थिती कॉपी करू नका, पॉइंटर बदला.

यानंतर कंपायलर. ओ३ आणि मार्च-नेटिव्ह हे फ्लॅग द्या, पण संकलन गणनेच्याच प्रकारच्या नोडवर करा. लॉगिन नोडचा प्रोसेसर वेगळा निघाला तर प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडतो. जीसीसीमध्ये वर्गमूळ असलेला लूप बऱ्याचदा व्हेक्टराइज होत नाही (एका सूचनेत अनेक आकड्यांचं गणित होत नाही), कारण गणिती चुकीची नोंद ठेवण्याची सोय आड येते. नो-मॅथ-एररनो हा एकच फ्लॅग देऊन ती बंद करा. फास्ट-मॅथ मात्र देऊ नका. तो नॅन (अवैध आकडा) तपासण्या उडवतो आणि बेरजांचा क्रम बदलतो; पुराच्या प्रारूपात ओल्या-कोरड्या सीमेवर चूक शिरली तर तुम्हाला कळणारही नाही.

प्रत्येक पावलाला समांतर भाग उघडण्याचा खर्च काढून टाकण्याचे सल्ले खूप वाचायला मिळतात. तुमच्याकडे तो पाच लूप, प्रत्येकी दहा मायक्रोसेकंद धरून पूर्ण धावेला १२ सेकंद आहे. त्यात वेळ घालवू नका.

आता गणितात ज्याने सगळ्यात जास्त फरक पडेल ते. १० किलोमीटर रुंद पट्ट्यात गोदावरीचं पात्र आणि पूरक्षेत्र किती? बहुतेक पेशी २४ तास कोरड्या राहतात, आणि तुमचा कोड त्या प्रत्येकीसाठी वर्गमूळ काढत बसतो. ओलं क्षेत्र एक दशांश असेल, तर काम टाळल्याने मिळणारा फायदा ४८ कोअरच्या एका नोडवरून अनेक नोडवर जाण्याइतका आहे, आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. जाळीचे ६४ गुणिले ६४ पेशींचे ठोकळे करा. ज्या ठोकळ्यात पाणी आहे तो आणि त्याचे आठ शेजारी चालू यादीत घ्या. कूरां अटीमुळे (लहरीच्या वेगावरून पावलाची लांबी मर्यादित ठेवणारा नियम) पाणी एका पावलात एकाच पेशीने पुढे सरकतं (दोन टप्प्यांची पद्धत असेल तर दोन), म्हणून यादी दर १६ पावलांनी नवी केली तरी शेजारच्या ठोकळ्याबाहेर पाणी जाऊ शकत नाही. नासर्डी किंवा वाघाडीतून बाजूचा प्रवाह सोडत असाल, तर ते ठोकळे कायम यादीत ठेवा. नाहीतर कोरड्या ठोकळ्यात ओतलेलं पाणी गणनेत येतच नाही आणि वस्तुमान गळतं. ओळीने चालण्याची वरची युक्ती ठोकळ्याच्या आत तशीच वापरता येते. फक्त ठोकळ्याच्या कडेचे फ्लक्स दोन्हीकडून काढले जातील, ते चालतं.

यात एक तिढा आहे. ठोकळे थ्रेडांना डायनॅमिक (जो मोकळा होईल त्याला पुढचा) वाटले तर काम समान पडतं, पण कुठला ठोकळा कुठल्या प्रोसेसरवर जाईल याचा नेम राहत नाही आणि वरची पानांची मांडणी मोडते. माझा कल असा: नदीच्या लांबीचे दोन भाग करा, वरचा भाग पहिल्या प्रोसेसरचा, खालचा दुसऱ्याचा, आणि डायनॅमिक वाटणी त्या-त्या भागापुरतीच ठेवा. हे सगळ्यात स्वच्छपणे साधतं ते एका नोडवर दोन एमपीआय रँक आणि प्रत्येकी २४ थ्रेड घेतल्यावर. मग मेमरीच्या मांडणीची काळजीही आपोआप कमी होते, कारण प्रत्येक रँकची मेमरी त्याच्याच प्रोसेसरजवळ पडते. दोन भागांची सीमा मधोमध न ठेवता ओल्या पेशींची संख्या सारखी होईल तिथे ठेवा. खाली निफाडकडे पूर पसरट होतो, शहरात पात्र अरुंद आहे.

आता तुमचं एमपीआय का अडलं ते. तुम्ही सीमेवरच्या प्रत्येक पेशीची प्रत्येक राशी वेगळ्या संदेशाने पाठवता. एका बाजूला ३००० संदेश, संदेशाला सरासरी दोन मायक्रोसेकंद धरले तर सहा मिलिसेकंद, दोन बाजूंचे बारा. २ लाख ४० हजार पावलांत ४८ मिनिटं झाली. आणि पाठवायचा डेटा किती? बाजूला २४ किलोबाइट. १०० गिगाबिटच्या जाळ्यावर तो दोन मायक्रोसेकंदांत जातो. टपालखर्च पत्राच्या वजनाला नाही, पाकिटांच्या संख्येला लागला. ४००० ची दिशा कापलीत तर सीमेची ओळ मेमरीत सलग असते, म्हणून तीन राशी एका बफरात भरून बाजूला एकच संदेश पाठवा. आधी आयरिसीव्ह, मग आयसेंड (न थांबता घेण्याची आणि पाठवण्याची आज्ञा), मग आतल्या ओळींचं गणित, मग वेटऑल (सगळे संदेश पुरे होईपर्यंत थांबणं), शेवटी कडेच्या ओळी.

सगळ्यांनी आधी सेंड आणि मग रिसीव्ह, ही मांडणी काढून टाका. लहान संदेश एमपीआय स्वतःच्या बफरात उचलून ठेवतं म्हणून ती चालून जाते. संदेश मोठा झाला की पाठवणारा समोरच्याची वाट बघतो, समोरचाही पाठवण्यातच अडकलेला असतो, आणि जॉब क्यूमधला पूर्ण वेळ खाऊन एक ओळही न छापता संपतो. लहान नकाशावर चाचणी पार आणि मोठ्यावर गप्प, असं दिसलं की आधी हीच जागा तपासा.

प्रोफाइलमध्ये ऑलरिड्यूस (सगळ्या रँकचे आकडे एकत्र करून उत्तर सगळ्यांना देणारी आज्ञा) खूप वेळ खातं असं दिसेल आणि दोष त्याच्यावर टाकावासा वाटेल. आठ रँकमध्ये एका आकड्याचं कमाल काढायला काही मायक्रोसेकंद पुरतात. बाकीचा वेळ सगळ्यात मागे राहिलेल्या रँकची वाट बघण्याचा असतो, आणि तो त्या ओळीच्या नावावर जमा होतो. तपासणीपुरता त्याच्या आधी एक बॅरिअर (सगळे येईपर्यंत थांबायची जागा) टाका आणि दोन्हींचा वेळ वेगळा मोजा. वेळ बॅरिअरमध्ये गेला तर दुखणं असमान वाटणीचं आहे.

चार नोडवर एक सुखद गोष्ट घडू शकते. एकूण डेटा २५६ मेगाबाइट, म्हणजे नोडला ६४. तुमच्या दोन प्रोसेसरांची तिसऱ्या पातळीची कॅश मिळून ७१ मेगाबाइटच्या वर आहे. डेटा जवळजवळ सगळा कॅशमध्ये बसला तर वेग चौपटीपेक्षाही जास्त वाढू शकतो. तो आकडा बघून घड्याळ चुकलं असं समजू नका. आणि अहवालात ती एमपीआयची करामत म्हणूनही मांडू नका, ती कॅशची आहे.

पण १० मीटरच्या जाळीला चार नोड हवेतच कशाला? वरच्या दुरुस्त्यांनंतर एक धाव एका नोडवर काही मिनिटांत बसेल. तुम्हाला खरं तर अनेक विसर्गांची उत्तरं हवी आहेत: १० हजार क्युसेक (घनफूट प्रति सेकंद), २० हजार, ४० हजार, शिवाय दारणा नदीचं पाणी आलं तर आणि न आलं तर. प्रत्येक नोडवर वेगळी धाव सोडा. स्लर्म या जॉब वाटणाऱ्या व्यवस्थेचा जॉब ॲरे (एकाच जॉबच्या क्रमांक लावलेल्या प्रती) घ्या, ॲरेच्या क्रमांकावरून विसर्ग वाचा, फलित वेगळ्या फोल्डरमध्ये. या धावा एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून चार नोडना जवळपास पूर्ण चौपट काम मिळतं आणि त्यासाठी एमपीआयची एकही ओळ लागत नाही. समांतर प्रोग्रॅमिंगमधली ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित वाट आहे. विसर्ग आत देताना ३५.३ ने भागून घनमीटर प्रति सेकंद करा. धरणाचे आकडे क्युसेकमध्ये येतात आणि तुमचा कोड मेट्रिक आहे.

शहरातल्या गल्ल्यांसाठी २ मीटरची जाळी घ्याल तेव्हा मात्र एमपीआय लागेल. पेशी २५ पट होतात आणि कालखंड पाचपट लहान होतो, म्हणजे १२५ पट काम. सात मिनिटांचा तळ साडेचौदा तासांवर जातो. तेव्हा नोडला दोन रँक, लांबीच्या दिशेने पट्ट्या, हीच रचना जशीच्या तशी वाढते.

बरोबर-चूक तपासण्याची एक चांगली सोय तुमच्या पद्धतीत आहे. प्रत्येक पेशीचं नवं मूल्य फक्त शेजाऱ्यांच्या जुन्या मूल्यांवरून निघतं, आणि कमाल काढण्याला क्रमाचा फरक पडत नाही. म्हणून एक रँक आणि आठ रँक यांची उत्तरं शेवटच्या बिटपर्यंत जुळायला हवीत. या चाचणीपुरतं फ्यूज्ड गुणाकार-बेरीज बंद करणारा फ्लॅग द्या, म्हणजे कंपायलरचा संशय राहणार नाही. एक बिटही वेगळा आला तर कडेच्या ओळींच्या देवाणघेवाणीत किंवा थ्रेडांच्या शर्यतीत चूक आहे. ‘राउंडिंगमुळे असेल’ म्हणून सोडू नका. राउंडिंगचा फरक फक्त एकूण पाण्याच्या बेरजेत येऊ शकतो. याशिवाय दोन चाचण्या कायम ठेवा: स्थिर तळं, म्हणजे खडबडीत तळावर सपाट पाणी तासभर हलता कामा नये, आणि कोरड्या तळावर बांध फुटण्याची, जिचं उत्तर सूत्राने माहीत आहे. हे सगळं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका पीसीवर चार रँकने २०० गुणिले ५० च्या जाळीवर करून घ्या. सुपरकॉम्प्युटरच्या क्यूमध्ये थांबून टंकनाच्या चुका शोधायच्या नसतात.

आता भाषेचं. एमपीआयचं पहिलं प्रमाण १९९४ चं, ओपनएमपीचं १९९७ चं, आणि दोन्ही आजही जवळपास प्रत्येक यंत्रावर सापडतात. चॅपेल ही क्रे कंपनीत डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या योजनेतून घडलेली भाषा, २०२४ मध्ये तिची २.० आवृत्ती आली. तिच्यात जाळी नोडांवर वाटायची आणि कडेच्या ओळींची प्रत ठेवायची सोय भाषेतच आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती मला मनापासून आवडते. पण त्या प्रती केव्हा ताज्या करायच्या हे तिथेही तुम्हीच सांगायचं असतं, आणि दूरच्या नोडवरची एकेक पेशी वाचणारा लूप तिथे इतका सहज लिहिला जातो की तुमचे ३००० संदेश पुन्हा तयार होतील, फक्त डोळ्याला दिसणार नाहीत. ज्युलिया घ्याल तर तिच्यात ॲरे स्तंभाने साठतात, फोरट्रानसारखे. सी प्लस प्लसचे लूप तसेच उतरवले तर आतला लूप उड्या मारत चालतो. शिवाय पहिल्या धावेत संकलनाचा वेळ मिसळतो, तो मोजू नका. चालू कोड दुरुस्त करायला एक आठवडा आणि नव्या भाषेत लिहायला एक सत्र, असा हिशेब असताना मी आज बदलणार नाही.

जीपीयू मात्र या प्रश्नाला शोभतो. एनव्हिडियाच्या व्ही१०० कार्डाची मेमरी सेकंदाला ९०० जीबी देते, ४० जीबीच्या ए१०० ची १५५५. तुमचे ३५२ मेगाबाइट ए१०० वर पाव मिलिसेकंदाचं काम आहे. ओपनएसीसीने (ओपनएमपीसारख्याच खुणांनी जीपीयूवर काम टाकण्याची सोय) हेच लूप चढवता येतील, पण डेटा एकदाच वर न्या आणि सगळी पावलं तिथेच करा. प्रत्येक पावलाला ९६ मेगाबाइट खाली-वर केलेत, तर पीसीआयच्या (कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) सुमारे १६ जीबी वेगाने बारा मिलिसेकंद जातील. पुन्हा तीच ४८ मिनिटं. प्रयोगशाळेतल्या गेमिंग कार्डावर दुहेरी अचूकता एकेरीच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या हिश्श्याने चालते, म्हणून तिथे एकेरीचा मोह होईल. तसं केलंत तर तळाच्या उंचीतून आधी ५०० मीटर वजा करा. रामकुंडाच्या आसपासची जमीन समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या वर आहे, आणि ५१२ च्या पुढे एकेरी अचूकतेची पायरी ०.०६ मिलिमीटरची होते. पसरट पूरक्षेत्रात पाण्याचा पातळ थर त्या पायरीखाली हरवतो. ५०० वजा केल्यावर पायरी आठ ते सोळापट बारीक मिळते.

जॉब स्क्रिप्टमध्ये नोडला दोन टास्क, टास्कला २४ सीपीयू आणि एक्सक्लुझिव्ह (नोड फक्त तुमच्यासाठी) मागा. स्लर्मच्या २२.०५ आवृत्तीपासून एसबॅचमध्ये (जॉब क्यूत देणाऱ्या आज्ञेत) दिलेला सीपीयूंचा आकडा एसरनला (प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या आज्ञेला) आपोआप मिळत नाही. एसरनच्या ओळीवर तो पुन्हा लिहा. नाहीतर २४ थ्रेड एका कोअरवर कोंबले जातात, आणि कोड सगळा बरोबर असून धाव एका कोअरच्या वेळेवर येते. धाव सुरू झाल्यावर नोडवर टॉप लावून प्रत्येक रँकसमोर २४०० टक्क्यांच्या आसपास आकडा दिसतो का ते पाहा.

क्रम असा ठेवा: आधी लिखाण, मग पानांची मांडणी आणि मॅक्स रिडक्शन, मग फ्लक्सचे बफर, मग कोरडे ठोकळे. प्रत्येक पायरीनंतर १००० पावलांचा वेळ १, १२, २४ आणि ४८ थ्रेडवर मोजून ठेवा. १२ वरून २४ वर जाताना वाढ थांबली तर मेमरीच्या वाहिन्या भरल्या. २४ वरून ४८ वर थांबली तर पानं अजून एकाच बाजूला आहेत. ती चार आकड्यांची ओळ पाठवा, २ मीटरच्या जाळीला किती नोड मागायचे ते त्यावरून सांगता येईल.